अकरावं फंक्शन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझी मामेबहीण प्राची, तिच्यावर हे गेल्या मार्चमध्ये गुजरलं. तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, इंदूरच्या विजय नगरमधल्या भरल्या ऑफिसात.

प्राचीचा सिनियर होता नागसेन. महूचा. घरी फक्त आई. प्राची त्याला इंदुरी पद्धतीने भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची.

त्यांचं प्रोग्रामिंगचं काम असं, की एक ओळ लिहायची आणि मशीनने लगेच उत्तर द्यायचं. लिहिलेली फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, फायलीत जात नाहीत, चालू सेशनमध्येच राहतात. बंद करताना सेशन सेव्ह केलं, तर सगळं जसंच्या तसं परत मिळतं.

नाही केलं, तर पाटी कोरी.

त्या शनिवारी नागसेन लवकर निघाला. "प्राची, टेस्ट चालू आहे. संपली की सेशन सेव्ह कर, मगच बंद कर हां. तीन दिवसांची मेहनत आहे."

प्राचीला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. टेस्ट संपली. मशीनने विचारलं, सेव्ह करू का?

घाईघाईत तिने 'नाही' दाबलं.

अकरा फंक्शन्स गेली.

तिने रडवेल्या आवाजात फोन लावला. नागसेन महूच्या वाटेवर राऊपर्यंत पोहोचला होता. पण तो चिडला नाही.

"टेन्शन नको घेऊ यार. आठवतंय तोवर परत लिहून काढतो. तू थांब फक्त. झालं की तुला दाखवतो."

ती थांबली नाही. साखरपुड्याला निघून गेली.

ऑफिसकडे परत यायला राऊला गाडी वळवताना नागसेनला डंपरने उडवलं, जागीच गेला. तेव्हा पावणेचार वाजले होते.

आपण फोन का केला होता, हे प्राचीने कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सोमवारी मॅनेजर ऋषभने नागसेनचं काम तिच्याकडे दिलं. तिने त्याचं सेशन उघडलं. अपघाताआधीच्या बुधवारी सेव्ह केलेलं. त्या अकरापैकी एकही त्यात नव्हतं.

मंगळवारी उघडलं, तर...

एक होतं.

पहिलंच. नागसेन नेहमी करायचा ती स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. सेव्ह झाल्याची वेळ... सोमवार, दुपारी पावणेचार.

"ऋषभ, काल पावणेचारला या मशीनवर कोण बसलं होतं?"

"कोण बसेल? पावणेचारला आपण सगळे मीटिंगमध्ये होतो ना."

बुधवारी दोन झाली. गुरुवारी तीन. प्राचीने पासवर्ड बदलला. शुक्रवारी मशीनची वायरच काढून पर्समध्ये घालून घरी नेली. सोमवारी जोडली, तर...

सात.

त्या दुपारी ती स्क्रीनसमोरच बसून राहिली. पावणेचार वाजले. स्क्रीनवर काहीच हललं नाही. फक्त... आजूबाजूच्या कीबोर्डांचा आवाज बंद झाला. एसीचाही. माणसांची बोटं चालत होती, ओठ हलत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

मिनिटभराने आवाज परत आले. यादीत एक नाव वाढलं होतं.

शुक्रवारी सकाळी अकरावं फंक्शन आलं.

तिला राहवेना. तशीच बस पकडून ती महूला गेली. नागसेनची आई, गिरिजामावशी, दारातच तांदूळ निवडत बसली होती. प्राचीने तिचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. 'नाही' दाबलेलं, फोन केलेला, न थांबता निघून गेलेलं.

मावशी रडली नाही. ओरडली नाही.

"मला माहीत आहे बेटा."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

मावशीने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"ऑफिसातून आला की रोज सांगतो मला, आज एक लिहिलं, आज एक लिहिलं. जेवत नाही पण. तुझ्यावर राग नाही हां त्याचा. काल म्हणाला, आई, झालं काम. पण प्राची काही थांबली नाही. आता तिच्या घरीच जाऊन दाखवून येतो."

प्राची चपला तिथेच टाकून पळाली.

छत्रीबागेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर ती परत गेलीच नाही. नोकरीही सोडली. आता आमच्याकडे असते, खजराण्याला. तिला एकटं सोडत नाही आम्ही. दुःखाने मावशीचं डोकं फिरलं असेल, असं मी तिला समजावते. पण मशीनमधल्या त्या अकरा फंक्शन्सचं काय?

काल दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. पावणेचारला दाराची बेल वाजली. एकदाच.

प्राचीने माझा हात गच्च धरला. आम्ही उठलो नाही.

बराच वेळ कान देऊन बसलो...

जिना उतरणारी पावलं काही ऐकू आली नाहीत.