निसटलेला भाग

रंगनाथ सोळुंकेचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढता ओढता भर रानात गचकन थांबला आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘यंत्राचा एक भाग निसटला आहे.’ बोल्ट पडला असणार, असं पुटपुटत रंगनाथनं मागे वळून पाहिलं. चाकावरच्या पत्र्यावर बसलेली त्याची बायको जागेवर नव्हती.

गयाबाई खाली ढेकळांत पडली होती. रोटाव्हेटरची पाती तिच्या पायांपासून वीतभरावर थांबली होती. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. रंगनाथ तिच्याजवळ मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पाती थांबवली होती नाडीपेटीनं. ट्रॅक्टरच्या सांगाड्याची थरथर ही पेटी सतत तपासते. कारखान्यात रिकाम्या यंत्राची मोजलेली थरथर रानात कुचकामी ठरते, म्हणून दगडधोंड्यांत, प्रत्यक्ष कामावरच पेटी सुरुवातीला शिकते आणि तेव्हाची थरथर ती निरोगी यंत्राची मानते. पुढे त्यात फरक पडला की सगळं जागच्या जागी रोखते. शिकवणीच्या दिवसांत चालकाशिवाय कुणी बसायचं नाही, असं पेटी बसवणारी अभियंता शर्वरी इंगोले चांगलं बजावून गेली होती.

पेटीनं कळवताच शर्वरी धावत आली. थरथरीचा आलेख उघडला आणि ती चाट पडली. पहिल्या दिवसापासून डाव्या पत्र्यावर एका माणसाचं वजन होतं. पेटीच्या लेखी गयाबाई हा ट्रॅक्टरचाच एक भाग होता.

रंगनाथनं मान खाली घालून सगळं सांगितलं. पात्यांत काड्या गुंडाळल्या की ओरडून सांगायला मागे गया लागायचीच. पेटी तिच्याविना शिकली असती तर ती बसताच ट्रॅक्टर अडला असता, म्हणून त्यानं तिला बसवूनच पेटीला शिकवलं. अशी ही हुशारी! शर्वरीला रागवायचं होतं, पण गयाबाईला घटाघटा पाणी पिताना पाहून तिला इतकं हायसं वाटलं की राग विरून गेला.

नियम मात्र साफ होता : चुकीची शिकवण पुसून टाकायची. तिनं बटणावर बोट ठेवलं.

“पुसा मॅडम,” गयाबाई म्हणाली. “न्हाई तर, पेटी मला ओळखतीय म्हणल्यावर मी बिनघोर बसंन परत.”

“पुसून तुझ्याविना शिकवलं तर तू बसल्यावर पेटी ट्रॅक्टर हलूच देणार नाही,” रंगनाथ म्हणाला. “मग कामाच्या घाईत मी पेटीच बंद करून टाकीन. मला माझा भरवसा नाही. मॅडम, तुम्हाला हाय का?”