वारेचं हिव

खामगावच्या दवाखान्यात आमची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, दोन टेबलं आणि एक मोठा फ्रीझर. मी वारेवर संशोधन करते. पोटातल्या बाळाला पोसणारी आणि बाळंतपणानंतर पडणारी ती वार. गरोदरपणात रक्तदाब चढला की कधीकधी लोखंडाला गंज चढावा तशा तिच्या पेशी झिजतात आणि बाळ उपाशी पडतं. याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतो. तो मोजायचा तर वारेचा तुकडा लगेच गोठवावा लागतो, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

उरलेली वार घरचे मागून नेतात. न्हाणीत पुरतात आणि त्या जागेवर बसून बाळंतीण ऊन पाण्यानं न्हाते. मी हसत नाही, पण मानतही नाही.

अमडापूरच्या पंचफुलाचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तरी तिच्या सासूनं, जनकाबाईनं, वार मागून नेली. पंचफुलाला विचारूनच एक तुकडा मी नळीत घालून फ्रीझरमध्ये ठेवून घेतला होता.

काही दिवसांनी तिच्या नळीवरचं बर्फ वितळलेलं दिसलं. फक्त तिच्याच. शेजारच्या नळ्या पांढऱ्याफटक. मी नळीची जागा बदलली, झाकणाचं रबर बदललं, मेकॅनिकला फैलावर घेतलं. संध्याकाळ झाली की नळी पुन्हा कोमट. एकदा तर हातमोज्याला कडुलिंबाच्या उकळलेल्या पाल्याचा वास आला.

मग जनकाबाई आली. सून रोज सांजेला न्हाणीत ऊन पाणी ओतत बसते, उठत नाही, अन्नाला शिवत नाही, असं सांगू लागली. मी कारण विचारलं.

"लेकराले हिव वाजून राह्यलं म्हन्ते. थोडं तिथं उघडंच पडलं म्हन्ते." तिनं पदर डोळ्यांना लावला. "माही सून मरन, बाई. तेवढा तुकडा देऊन टाका."

नियमात बसत नव्हतं. तरी मी नळी घेऊन तिच्यासोबत गेले.

पंचफुलानं नळी गालाला लावली आणि रडली. मीही रडले. इतकी बाळं माझ्यासमोर गेली, पण अशी मी कधी रडले नव्हते. तुकडा पुरल्यावर तिनं वर एक तांब्या ऊन पाणी सोडलं. दुसरा भरला आणि तसाच खाली ठेवला.

"निजलं," ती म्हणाली. मग सासूच्या हातून तिनं भाकर घेतली.

परत येऊन मी फ्रीझर उघडला. पंचफुलाची जागा रिकामी होती. बाकीच्या नळ्यांवर हवं तसं बर्फ.

काही नळ्या थरथरत होत्या.

मोटर असेल म्हणून मी ती बंद केली.

थरथर थांबली नाही.

त्याच खणात जगलेल्या बाळांच्याही नळ्या होत्या. त्या स्वस्थ होत्या.

मी झाकण लावलं आणि शेगडीवर पाणी तापत ठेवलं.