उलटं सील

"अहो, थांबा! सायकलची मोटर बुडवताय!"

मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडले. खाली अंगणात एक उंच माणूस जुनी इलेक्ट्रिक सायकल मोठ्या प्रेमाने धूत होता. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून सोडलेला फवारा नेमका मागच्या चाकाच्या मधोमध बसत होता. त्याला काही ऐकू जाईना. मग मी जिन्यावरून जी धावत सुटले, ती त्याच्या हातातला पाइप हिसकावूनच थांबले.

"या गोल डब्यात मोटर असते," मी धापा टाकत म्हणाले. "ॲक्सलभोवती रबराची कडी दिसते का? तिला सील म्हणतात. तिच्यावर जोरात पाणी मारलं की ते आत शिरतं. मग मोटर गंजते. मग बसा रडत."

तो सीलकडे बघत नव्हता... सायकलकडेही नाही. माझ्या पायांकडे बघत होता.

"हे मला... माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

एवढंसं वाक्य बोलायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला. पण माझा जीव त्या बिचाऱ्या मोटरीत अडकला होता.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी उपाशीपोटी बसलेली माणसं माझी वाट बघतात आणि मी दिसले की तोंड फिरवतात. माझी सायकल बंद तर माझं काम बंद. एकदा तिची मोटर कुरकुरायला लागली म्हणून दुकानात नेली, तर तिथला माणूस म्हणाला, "घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो." आता घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्या. आत्याला पाठवलं असतं तर त्याने दुकानच गुंडाळलं असतं. म्हणून मीच शिकले. एक सील फाडलं, दोन बोटं चेमटवून घेतली, पण शिकले. पुढे कुणाला त्यातलं काही सांगायला गेले की लोक हसायचे, "झाल्या सुरू उस्ताद!" मीही हसायचे त्यांच्याबरोबर. हसू येत नसायचं.

आणि हा माणूस मात्र मागचं चाक काढून, खांद्यावर टाकून निमूट माझ्यामागे तीन जिने चढून आला. अंगणापलीकडच्या इमारतीत नुकताच राहायला आला होता, पाणीखात्यात होता. पाणीपट्टीची बिलं काढणारा कारकून असणार, असं मी ठरवून टाकलं आणि मनातल्या मनात त्याचं नावही कारकून ठेवलं.

टेबलावर जुने कागद पसरून मी शिकवणी सुरू केली. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे सोडायचे, शेजारशेजारचे नाहीत. आतलं पाणी टिपायचं, जुनं काळं ग्रीस फडक्याने पुसून काढायचं. मग सीलच्या आतल्या कडेवर बोटाने नवं ग्रीस लावायचं.

"किती?" त्याने विचारलं.

"पातळ थर. थंडीत ओठांना काही लावतो ना, तेवढाच. या कडेला ओठच म्हणतात."

हे बोलून झाल्यावर आम्ही दोघंही, का कोण जाणे, पंख्याकडे बघायला लागलो.

"पण पातळच का?" तो म्हणाला.

का! इतक्या वर्षांत मला कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. मी त्याला सांगत सुटले. जास्त ग्रीस आतच अडकतं, तापतं, सीलला बाहेर ढकलतं, त्याला धूळ चिकटते... तो मान हलवत ऐकत राहिला. त्याचे डोळे ऐकताना किंचित बारीक व्हायचे, आणि ते मला फार आवडलं.

सील परत बसवायला माझ्याकडे खास हत्यार होतं, आत्याची छोटी स्टीलची वाटी. तिचा काठ सीलवर तंतोतंत बसतो. पालथी ठेवून वरून हलके ठोके दिले की सील सगळीकडून सारखं आत जातं.

"माझी वाटी सापडत नाहीये!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

"असेल तिथेच कुठेतरी!" मी वाटीवर ठोका देत म्हणाले. तो तोंडावर हात धरून हसला. हाताचं सगळं ग्रीस मिशीला लागलं.

पुढच्या रविवारी स्वारी हजर. मोटर घरघरत होती. झाकण उघडून बघते तर आत ग्रीसचा नुसता लगदा!

"हे काय? अख्खा डबा रिकामा केलात?"

"कमी पडायला नको, म्हणून थोडं..."

"पातळ थर म्हणाले होते ना मी?"

"चुकलं, बाई," तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला. माझा राग तिथेच वितळला.

त्यानंतरच्या रविवारी त्याने मित्राची सायकल आणली. मग मेव्हण्याची, मग साहेबांची.

"काय गं," आत्या म्हणाली, "याच्या ओळखीतल्या सगळ्यांच्या मोटरी रविवारीच कशा रडतात?"

"तूच विचार त्यांना."

"मी कशाला विचारू? मला कळत नाही होय?"

मलाही कळत होतंच. शनिवारपासूनच मी गुणगुणायला लागायचे.

साहेबांच्या सायकलीच्या दिवशी घोळ झाला. मी सील हातात घेतलं, तेवढ्यात त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं... नुसतं पाहिलं. माझ्या हातून सील उलटं ठेवलं गेलं. नजर न हलवता त्याने ते उचललं, उलटलं, आणि अंगठ्याने अलगद जागेवर सरकवलं.

शिकाऊ माणूस सील आधी डोळ्यांनी बघतो. याच्या बोटांना न बघता कळलं होतं.

दुसऱ्या बाजूचं सील मात्र मुद्दामच उलटं ठेवलं आणि त्याला त्याच्या साहेबांविषयी काहीबाही विचारत राहिले. तो रंगात येऊन सांगत होता. सांगता सांगता पुन्हा हात पुढे आला, सील सुलटं झालं. मग दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर दाबत त्याने ते असं बसवलं की वाटीची गरजच उरली नाही.

"किती वर्षं करताय हे?" मी विचारलं.

त्याचे हात थबकले. "...आठ."

"आठ?"

"मी पंपघरात फिटर आहे. पंपांची सीलं मीच—"

"आणि मी तुम्हाला ओठ कुठला आणि पाठ कुठली ते शिकवत होते!" माझा आवाज चिरकला. "घरी जाऊन हसत असाल ना? उस्ताद म्हणून?"

"नाही हो... एकदाही नाही. ऐकून तरी घ्या—"

"चाक उचला आणि जा."

तो गेला. पुढचा रविवार आला तसा गेला. आत्याने वाटी स्वतःहून टेबलावर आणून ठेवली होती. ती दिवसभर तिथेच पडून राहिली. त्याचं खोटं मी पचवलं असतं. पण माझं बोलणं मनापासून ऐकणारं एकुलतं एक माणूस नाटक करत होतं, हे काही गळ्याखाली उतरेना.

तेवढ्यात पाणीखात्याच्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीचं काम आमच्या लॅबला मिळालं. पाठवलं कुणाला? मलाच. पंपघराच्या दारात टेबल मांडून बसले. आतून यंत्रांची घरघर येत होती, पायाखालची फरशी थरथरत होती. पहिले आले ते पांढऱ्या मिशांचे हेड फिटर. हात पुढे करत माझ्याकडे निरखून पाहायला लागले.

"सायकलवरून फिरता? मोटरी दुरुस्त करणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"का हो काका?"

"अहो, आमचा दोन नंबरचा पंप कायम तापायचा. ग्रीस ठासून भरायचं, ही आमची जुनी खोड. आमचा तो उंच पठ्ठ्या एका सोमवारी आला आणि म्हणाला, सगळं काढा, थोडंच भरायचं. कुठे शिकलास म्हटलं, तर म्हणतो, आमच्या बाईंनी शिकवलं. पंप तापायचा थांबला की! तेव्हापासून रोज बाई असं म्हणतात, बाई तसं म्हणतात... कान किटले आमचे."

माझ्या हातातला कापूस खाली पडला. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने तो समोर येऊन बसला. बाही वर, चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले.

"सुईची भीती वाटते?"

"फार."

"मूठ आवळा. आणि खरं बोला. खरं बोलल्याशिवाय सुई निघणार नाही."

"सीलं मला येतात," तो डोळे मिटूनच म्हणाला. "पण ग्रीस आम्हाला ठासूनच भरायला शिकवलं होतं, का ते कुणी सांगितलं नव्हतं. तो अख्खा डबा खरंच माझी चूक होती. आणि त्या पहिल्या दिवशी..."

"पहिल्या दिवशी काय?"

"तुम्ही तीन मजले धावत आलात. एका परक्या सायकलीसाठी. एकाच पायात चप्पल होती. मला वाटलं, मला कळतं असं म्हणालो तर तुम्ही परत वर निघून जाल." "तुम्ही जाऊ नये असं वाटलं. अजूनही तसंच वाटतं. मला तुम्ही खूप आवडता. आता... काढा ना सुई."

"ती केव्हाच काढली."

त्याने एक डोळा उघडला. हातावर कापूस होता, आणि कापसावर माझं बोट. ते मी जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरलं. रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"रविवारी या," मी हळूच म्हणाले. "पण कुणाची सायकल आणू नका."

रविवारी खालून हाक आली आणि मी जिन्यावरून धावतच सुटले. तो अंगणात उभा होता. सायकल नाही, चाक नाही. हातात फक्त कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"आज काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. तरी आलोय." त्याने कागद उलगडला. आत नवी कोरी स्टीलची वाटी होती. "ही आत्यांना. जुनी... आपल्याला राहू दे."

त्या 'आपल्याला'चं उत्तर माझ्या चेहऱ्यानेच देऊन टाकलं असावं, कारण तोही लाल झाला. मग त्याची नजर सावकाश खाली गेली, आणि तो मोठ्याने हसायला लागला.

"काय झालं?"

"त्या दिवशी उजव्या पायात होती. आज डाव्या पायात आहे."

मी खाली बघते तोच धप्पकन उरलेली चप्पल आमच्या दोघांच्या मधोमध येऊन पडली. वर गॅलरीत आत्या उभी होती.

"घाल ती! आणि घेऊन ये त्याला वर, चहा निवतोय!"