तळातली ओटी

तारीवाडीचा बर्फाचा कारखाना बंद पडला तो कायमचा. मासळीच मिळेना, तर बर्फ काय डोक्यावर ठेवायचा? समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अनुजा खवणेकरनं त्या कारखान्यातलं सिमेंटचं मोठं कुंड मागून घेतलं, खाडीचं पाणी भरलं आणि किनाऱ्यावरच्या मेलेल्या प्रवाळातला शेवटचा जिवंत तुकडा त्यात आणून ठेवला. कुंड सांभाळायला शेवंतीकाकी तारी होतीच. तिचा नवरा गेला, होडी गेली, उरलेला सगळा जीव तिनं या कुंडात ओतला.

गेली अकरा वर्षं तिची सकाळ ठरलेली. चहाचा कप कठड्यावर ठेवायचा आणि आधी पाण्यात डोकवायचं. प्रवाळाची बोटं रात्रभरात मिटली नाहीत ना, गोगलगाई कुंडाच्या भिंतीवरचं शेवाळ चाटतायत ना, समुद्रकाकड्या नावाचे लांबट जीव वाळूवर लोळतायत ना. शहरातून पाहुणे यायचे आणि हमखास विचारायचे, "पाणी गाळायचं मशीन कुठंय?"

"ह्याच मशीन," काकी गुडघाभर वाळूच्या थराकडे बोट दाखवायची. "खाता ह्याच, पचयता ह्याच. वीज नको, काय नको."

खोटं काहीच नव्हतं त्यात. कुंडात सोडलेल्या चिमुकल्या माशांची घाण वरच्या वाळूतले किडे खात. उरलंसुरलं खाली झिरपे, तिथं हवा पोचत नसे, आणि तशा अंधारात राहणारे जिवाणू त्याचा निकाल लावत. त्यातल्याच एका जातीचे जिवाणू अनुजानं प्रयोगशाळेत घडवले होते. होड्यांच्या तळाला फासतात त्या रंगातलं तांबं खाडीच्या पाण्यात उतरलेलं असतं आणि प्रवाळाला ते चिमूटभरही सोसत नाही. हे जिवाणू पाण्यातलं तांबं ओढून घेत आणि तळाच्या काळ्या गाळात डांबून ठेवत. वाडीनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'तांबेचोर'. अनुजाचा नियम एकच होता: खालचं ढवळायचं नाही. काकीनं तो देवाच्या शब्दासारखा पाळला.

आणि प्रवाळ वाढलं. एका तुकड्याचे शंभर झाले. होड्यांच्या त्या तांब्याच्या रंगाला बंदी होऊन बरीच वर्षं लोटली होती, समुद्रातलं तांबं उतरलं होतं. अनुजानं खडकांमधली एक खोलगट जागा शोधली, लाटांचा मार बसणार नाही अशी, आणि प्रवाळ समुद्रात परत सोडायचा दिवस ठरवला. हे जगलं तर मासे येणार होते आणि वाडीला पुन्हा जाळं हातात धरता येणार होतं. मागे एक लहानसा तुकडा तेवढा, वेगळ्या टाकीत, राहणार होता.

आदल्या दिवशी बायका जमल्या त्या नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू घेऊनच.

"यातलं काहीच पाण्यात टाकायचं नाही," अनुजा म्हणाली. "कुंकवात काय काय असतं तुम्हाला ठाऊक नाही."

"अगो, चेडू सासरी जाता," काकी कळवळून म्हणाली. "रिकाम्या ओटीन धाडूची?"

अनुजाला त्या सगळ्यांची दया आली. नवं कुंड लावताना जुन्या कुंडातली मूठभर वाळू टाकतात, तिच्यासोबत कामाचे जीवही जातात, हे तिला आठवलं. "बरं, कुंडातली वाळू चालेल. माहेरची माती समजा. मूठ मूठ फक्त."

सगळ्यांचे चेहरे खुलले. काकी मात्र मागे सरली. विधवेनं ओटीला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"काही नाही! जिनं वाढवलं तिचीच पहिली मूठ," अनुजा ठासून म्हणाली. काकी पदरात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी प्रवाळ उचलून होडीत ठेवलं आणि अनुजा त्यांच्याबरोबर पुढे गेली. मागे कारखान्यात बायका परड्या घेऊन कुंडाभोवती उभ्या राहिल्या. एकीनं वरची पांढरी वाळू ओंजळीत घेतली, तशी काकीनं तिला दटावलं.

"वरवरचा कित्याक? चेडवाक द्यूचा ता बुडातला."

प्रवाळ निघालं होतं, तेव्हा नियमही संपला असंच तिला वाटलं. तिनं खांद्यापर्यंत हात आत खुपसला. काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ वर आला. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता, पण लेकीच्या माहेराला कुणी नाक मुरडत नाही. आणि मूठभरानं वाडीचं मन कुठलं भरायला? परड्या भरल्या.

अनुजानं पाहिलं तेव्हा प्रवाळ खाली खडकांत बसवून झालं होतं आणि बायकांच्या होड्या खोलगट जागेवर येऊन थांबल्या होत्या. ढोल वाजत होता. काकीनं परडी पालथी केली आणि निळं पाणी काळं झालं.

"थांबा! काकी, थांबा!" ती ओरडली. ढोलापुढे कोण ऐकतंय? एकामागून एक परड्या रिकाम्या झाल्या. समुद्र केवढा मोठा, एवढ्यानं काय होतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. पण लाट पोचणार नाही अशी जागा तिनंच निवडली होती. गाळ तिथंच बसला. अंधारात बांधून ठेवलेल्या तांब्याला पाण्यातली हवा लागली आणि ते सुटून पाण्यात मिसळलं.

आठवडाभरानं पाणबुडे खाली गेले. प्रवाळाची कातडी सोलवटून लोंबत होती आणि खाली नुसती हाडं उरली होती. समुद्रात सोडलेल्यांतला एकही तुकडा वाचला नव्हता.

शेवंतीकाकी कारखान्याच्या पायरीवर बसून होती. अनुजाला पाहताच तिनं विचारलं, "माझ्याकडसून काय कमी पडला गो?"

पाणी तापलं होतं, असं सांगता आलं असतं. सगळ्यांनी मानलं असतं, काकीही सुटली असती. पण मागे टाकीत तो एक तुकडा होता. उद्या तो वाढला असता, आणि बायकांनी पुन्हा परड्या भरल्या असत्या. अनुजा तिच्याशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तांबं सांगितलं, गाळ सांगितला, आणि हो म्हणणारी आपणच होतो, तेही सांगितलं.

काकी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"इतकी वर्सां ता तांब्याचा इख आमच्या कुंडात होता?"

"हो. तळाला. म्हणून तर वरचं जगलं."

"आणि आदी, कुंडात येवच्या आदी?"

"खाडीत. आपल्याच होड्यांच्या रंगातलं."

काकी पायरीवरून उठली. मग समोरच्या पाण्याकडे हात करून म्हणाली, "आमी ता दर्याक दिला. कुंडान घेतला आणि बुडाक ठेवला. आता परत दर्याकच दिला. मगे दर्यान ता खयच्या बुडाक ठेवूचा गो?"