नंदीचं चौथं चाक

मोबाईल ठेवा बे बाजूले. आयकाचं असन तर आयका, नाई तर जाऊन झोपा. हे आपल्या नत्थूजीच्या जावयासंग झालं, रुपेशसंग. मागच्या सालची बैलपोळ्याची रात्र. अमावस्या.

रुपेश अल्लीपूरच्या रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पोरगा हुशार, पण कामाचा असा नाद, की घर म्हणजे फक्त झोपाचं ठिकाण. बायको सरिता फोन करे, तं याचं एकच उत्तर, "हा निघालोच." अरे, पोळ्याले बैलाच्या मानेवरचं जू उतरते. याचं नाई उतरलं. कापसाचा सीझन तोंडावर आला म्हणून दिवसभर एकटाच मशीन खोलून बसला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोराईनं लाकडी नंदी मिरवाचा. त्याच्या पोरीच्या, रक्षाच्या, लाकडी नंदीचं एक चाक निखळलं होतं. त्याच्यावर तिनं नेलपॉलिशनं लाल फूल काढलेलं. दुरुस्त कराले म्हणून हा चाक घेऊन गेला, ते आठ दिवस खिशातच. पोळ्याच्या सकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, आज नाई आणलं ना, तं मी तुमच्याशी कधीच बोलत नाई."

रात्री दहाले त्यानं चाक नीट केलं, मेन स्विच पाडला, गेटले कुलूप लावलं, गाडीले किक मारली. सरळ रस्ता. एक नाला, एक बाभूळ, मंग गाव.

नाला गेला. बाभूळ गेली. समोर लाईट दिसला...

जिनिंगचं गेट.

"झोप आली असन," म्हणे. गाडी फिरवली. नाला. बाभूळ. पुन्हा गेट. आता उघडं... आन् आत मशीन चालून राह्यली.

काय रे अंकुश? चकवा? चकवा रस्ता चुकवते बे. पुढचं आयक.

त्यानं सरिताले फोन लावला. तिकडून पोरीचं हसणं आलं. लय खुशीतलं.

"सरिता, मी..."

"कोण बोलते जी?" सरिता म्हणे. "हा तं आमच्या ह्यांचा नंबर हाये. आन् हे इथं रक्षाले घास भरवून राह्यले."

फोन कटला.

गाडी टाकली. धावला. नाला... बाभूळ... गेट.

धावला.

गेट.

उजाडलं तवा कुठी गाव लागलं. सरिता दारात सडा टाकत होती, हसत होती. "काल किती दिवसानं पोटभर बोलले जी तुम्ही," म्हणे. "आन् एवढ्या पहाटे कुठी गेलते?"

हा आत गेला. रक्षा नंदीले कवटाळून झोपली होती. नंदीले चारही चाकं. चौथ्यावर लाल फूल.

यानं खिशात हात घातला. चाक होतं. त्याच्यावरही तेच फूल.

पोरीनं डोळे उघडले. बापाकडे पाह्यलं. मंग त्याच्या मागं, दाराकडे.

"तुम्ही नाई," म्हणे. "रातचे बाबा कुठी गेले?"

आता रुपेश दिवस बुडाच्या आत घरी येते. पोरगी बोलते त्याच्याशी, नाई असं नाई. पण दर अमावस्येले जेवाले बसली, की एक ताट जास्तीचं मांडते. मी सोता पाह्यलं.

सकाळी ते ताट खरकटं असते.