सिपोराचा सातवा दिवस

कालशून्य कक्षात घड्याळ नव्हतं, खिडकी नव्हती आणि बाहेरची बातमी तर औषधालाही नव्हती. जमिनीखाली दोनशे मीटरवर, काळ्या खडकात कोरलेल्या या खोलीत सिपोरा अष्टमकरला एकोणपन्नास दिवस एकटीनं काढायचे होते. मंगळमोहिमेची ही शेवटची परीक्षा. आधीचे तिन्ही उमेदवार पंधरवड्याच्या आत दार ठोठावून बाहेर आले होते. सिपोराला मोहीम हवी होतीच, पण त्याआधी कामातला जीव परत हवा होता. वीस वर्षं उपग्रह जोडता जोडता तो कधी विरला, तिलाच कळलं नव्हतं.

“सूर्य दिसेनासा झाला की शरीरघड्याळ सैल पडतं,” प्रयोगप्रमुख मुक्ता हर्डीकरने शनिवारी दिवेलागणीला दाराशी समजावलं. “तुमचा दिवस पंचवीस तासांचा होईल, कदाचित तीसचाही. तुम्हाला पत्ता लागणार नाही.”

“मग माझा शब्बाथ?”

“शनिवार हरवणार, सिपोराताई.”

“वाळवंटात वार विसरलेल्यासाठी आमच्यात नियम आहे बाई. सहा दिवस मोजायचे, सातवा पाळायचा.”

सिपोरा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, त्यांच्यात काम वर्ज्य, अगदी लिहिणंसुद्धा. कोकणात तिच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हिने मात्र वीस वर्षांत एक शनिवार पाळला असेल तर शपथ.

खाली ती झोपा मोजू लागली. पहिल्या सातव्या दिवशी हात नुसते शिवशिवत होते. हवाशुद्धक कुरकुरत होता आणि त्याला हात लावायचा नव्हता. नाइलाजानं तिने शब्बाथला वाचायचा, तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग उघडला. वर्षाचं वाचन सृष्टीच्या आरंभापासून नुकतंच सुरू होत होतं. घडवणाराही सातव्या दिवशी थांबला, हे वाचून तिला स्वतःचाच राग आला. आपण कोण मोठ्या लागून गेलो होतो?

चौथ्या वाचनात अब्राहाम एका नगरासाठी देवाशी घासाघीस करत पन्नासावरून दहावर आला. अलिबागच्या मासळीबाजारातल्या आपल्या मावशीसारखाच चिवट, असं मनात येऊन ती एकटीच खळखळून हसली. आता सहा दिवस ती कक्षातल्या यंत्रांत जीव ओतून काम करी, आणि सातव्याला ती यंत्रं बिनघोर सोडून देई. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत नव्हती.

सहाव्या शब्बाथला वाचन संपवून ती पडली होती, तोच दार बाहेरून उघडलं. ती धडपडून उठून बसली.

“अगं, आठवडा बाकी आहे. माझे बेचाळीसच झालेत. नापास केलंत का मला?”

“मुदत संपली,” मुक्ता म्हणाली. “एकोणपन्नास पूर्ण. तुमचा दिवस अठ्ठावीस तासांचा झाला होता. तुमचे सहा आठवडे म्हणजे आमचे सात. आज बाहेरही शनिवारच आहे.”

सिपोराने मनातल्या मनात गुणाकार केला. “म्हणजे आधीचे पाच मी भलत्याच वारी पाळले.”

“हो. आणि त्यांच्यावरच तुम्ही टिकलात.”

वर भुयाराच्या तोंडाशी अजून मावळतीचं ऊन होतं. सिपोरा खुर्ची ओढून बसली आणि तिने राहिलेला सातवा भाग काढला. त्यात याकोब राहेलसाठी सात वर्षं राबतो, आणि तिच्यावरच्या प्रेमापायी ती त्याला थोड्याच दिवसांसारखी वाटतात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट वाचताना तिचे डोळे भरून आले.

मुक्ताने मोहिमेचं संमतिपत्र आणि पेन पुढे केलं. “येणार ना मंगळावर?”

“येणार. पण सही उद्या,” सिपोरा म्हणाली आणि पान उलटलं.