चौदाच्या खाली

सांगते, पण मधे बोलू नका. एकदा थांबले की पुन्हा सुरुवात करणं मला जड जातं.

माझे सासरे डॉक्टर होते. व्हिजिटला जायची त्यांची जुनी काळी गाडी ते गेल्यापासून घराशेजारच्या शेडमध्ये उभी होती. चालायची, पण बॅटरी भरायची नाही. मेकॅनिकने डायनॅमो बदलला, रेग्युलेटर बदलला आणि शेवटी हात टेकले. नवऱ्याने जेवताना जाहीर केलं, "उद्या भंगारवाला येतोय. पुरे झालं हे दुखणं." सासूबाई ताटावरून उठल्या आणि शेडमध्ये जाऊन गाडीत बसून राहिल्या.

ते बघितलं आणि मी ठरवलं, गाडी जाणार नाही. मी इन्व्हर्टर दुरुस्त करते. व्होल्टेज हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे.

तासाभराने मी बॉनेट उघडलं. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठणठणीत. इंजिन चालू झालं की आकडा चौदाच्या वर जायला हवा. गेला. दिवे लावले, वायपर लावले, तरी जागचा हलला नाही. म्हणजे दोष फक्त रस्त्यावर तोंड दाखवत होता. मी मीटरला लांब वायरी जोडल्या, त्या बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेतल्या आणि मीटर सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आई, मी गाडी चालवते. तुम्ही फक्त आकडा वाचायचा."

"ताप वाचतात तसा?"

"अगदी तस्सा."

खराब रस्ता लागेपर्यंत त्या शाळेत पाढे म्हणावेत तसं "चौदा, चौदा" म्हणत होत्या. पहिल्या खड्ड्याला त्यांचा सूर बदलला. "सव्वातेरा... अगं, बारा!"

गाडी कडेला घेतली. डायनॅमो फिरवणारा पट्टा घट्ट होता. मग वाकून खाली हात घातला तेव्हा इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी हाताला लागली. दोनतीन तारांवर लोंबत होती. धक्का बसला की सुटायची, गाडी थांबली की पुन्हा टेकायची.

"सापडला चोर!" मी ओरडलेच. सासूबाई कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या. मी जाड वायर बसवली, नट आवळले आणि मुद्दाम त्याच खड्ड्यांतून गाडी नेली. चौदाच्या खाली आकडा आला नाही.

तिथूनच घरी वळलो असतो तर बरं झालं असतं. पण मला पक्की खात्री हवी होती. मी गाडी तलावाच्या रस्त्याला घातली. तिथे खड्डे नव्हते, रहदारी नव्हती, वेगातही आकडा टिकतो का ते बघता आलं असतं. आभाळ भरून आलं होतं आणि दुपार असूनही पाण्यावर करडा अंधार साचला होता.

"हे इकडे यायचे," सासूबाई म्हणाल्या. "त्या टोकाच्या घरात त्यांची एक पेशंट आहे. एकटीच असते बिचारी." मग मीटरकडे बघून त्या थबकल्या. "तेरा."

मी वेग वाढवला.

"बारा... साडेअकरा..."

चालत्या गाडीत भरलेली बॅटरी इतक्या झपाट्याने उतरत नाही. सगळे दिवे लावले तरी नाही. काहीतरी ओढत होतं... नुसतं ओढत होतं.

"वळायचं का गं मागे?"

"नाही आई. आज हिला सोडत नाही."

"दहा," त्या कुजबुजल्या. "नऊ..."

इंजिनाने आचका दिला आणि गाडी त्या टोकाच्या घराच्या फाटकासमोर येऊन गप्प झाली. पाण्याचासुद्धा आवाज नव्हता. गाडीत स्पिरिटचा वास पसरला, इंजेक्शन देण्याआधी कापसाला येतो तसा. मग मागचं दार उघडल्याचा आवाज झाला... आणि लागल्याचा. मला वाटलं सासूबाई उतरल्या. त्या माझ्या शेजारीच होत्या, दोन्ही हातांनी मीटर धरून.

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. तेवढ्यात घरातून कण्हण्याचा आवाज आला. मी पान्हा मुठीत घट्ट धरला आणि उतरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी म्हातारी पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. सकाळपासून हाका मारत होती म्हणे. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, मी अॅम्ब्युलन्स बोलावली. माणसं तिला उचलून घेऊन गेली, तेव्हा मी परत गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! मीटरवर चौदाच्या वर आकडा.

"व्हिजिट चुकवायचे नाहीत ते," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत घरापर्यंत हसत राहिल्या. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. मी जिंकले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्याच गाडीने म्हातारीला बघायला हॉस्पिटलात गेलो. ती बरीच सावरली होती. सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "डॉक्टर त्या दिवशी तुमच्या आधी आत आले. हात आडवे करून दारातच उभे राहिले. त्याला काही केल्या आत येऊ देत नव्हते."

"कोणाला?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीतून त्यांच्यामागून उतरला ना, त्याला. माझ्यासाठीच आला होता तो." तिने आवाज खाली आणला. "मला नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून बघितलं मी. परत जाताना दोघंही तुमच्याच गाडीत बसले..."

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. आम्ही खाली आलो. रिक्षा करूया, असं त्या एकदाच म्हणाल्या. मी नाही म्हणाले. गाडी आमची होती, ती तिथे टाकून मी जाणार नव्हते.

कुलूप काढण्याआधी मी मागे नजर टाकली. बंद गाडीत मागच्या दोन्ही काचांवर आतून वाफ धरली होती, काचेला तोंड लावून श्वास सोडावा तशी, एकेक गोल डाग. माझ्या बाजूने स्पिरिटचा पुसट वास येत होता आणि तिथला डाग हळूहळू विरत चालला होता. सासूबाई उभ्या होत्या तिकडचा मोठा होत होता.